दंडपट्टी लाल आली तर काय करायचं? कुपोषित बाळाचा उपचार-आहार, आणि कामाला तुर्भ्याला जाणाऱ्या आईबापांसाठी माहिती

दिवाळी झाली की गावागावांतून कुटुंबं कामाला बाहेर पडतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी ऊसतोडीला, तर कुणी थेट नवी मुंबईत. तुर्भ्याला गेलेले एमआयडीसीत, बांधकामावर किंवा मार्केटात लागतात. लहान पोरं बरोबरच असतात. गावच्या अंगणवाडीत दर महिन्याला होणारं वजन तिथं गेल्यावर थांबतं, आणि पोर वाळत चाललंय हे आईच्या लक्षात येईपर्यंत दोन-तीन महिने निघून जातात.

अंगणवाडी ताई किंवा आशाताईकडे दंड मोजायची रंगीत पट्टी असते. ६ महिने ते ५ वर्षं वयाच्या मुलाचा डावा दंड खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये मोजायचा, हात सैल सोडलेला हवा. १२.५ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त आला तर हिरवा. ११.५ ते १२.५ मध्ये पिवळा, म्हणजे मध्यम कुपोषित, ज्याला ‘मॅम’ म्हणतात. ११.५ पेक्षा कमी म्हणजे लाल, तीव्र कुपोषित, ‘सॅम’. उंचीच्या मानाने वजन फारच कमी असेल तरी मूल सॅममध्ये धरतात. आणखी एक खूण घरीच बघता येते. दोन्ही पायांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबा. खड्डा तसाच राहिला तर ती सूज आहे. असं मूल गुबगुबीत दिसतं, घरचे म्हणतात अंग धरलंय, पण ते सॅमच असतं आणि त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं.

आपल्याकडं हे दुर्मिळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने कमी वजनाची आढळली, आणि १०.९ टक्के तीव्र स्वरूपात.

पाकिटातला उपचार म्हणजे काय?

पूर्वी अशा मुलांवर दवाखान्यातच खास दुधाची पावडर पाण्यात कालवून उपचार व्हायचे. घरी दिलं तर अडचण पाण्याची. पाणी खराब असलं की जुलाब, आणि जुलाबाने अशक्त पोर दगावतं. म्हणून १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये एक पेस्ट तयार झाली. त्यात शेंगदाण्याचं कूट, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण असतं. तिच्यात पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे जंतू वाढत नाहीत. शिजवायचं नाही, कालवायचं नाही, पाकीट फोडून मुलाने तसंच चाटायचं. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात ५०० कॅलरी. सात किलोच्या मुलाला दिवसाला साधारण दोन-अडीच पाकिटं लागतात, पण नेमकं किती ते डॉक्टरच ठरवतात. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी सांगितलं, की ज्या सॅम मुलाला भूक लागते आणि दुसरा आजार नाही, त्याचा उपचार घरी राहूनही होऊ शकतो.

भूक लागते का, हेच आधी तपासतात. आरोग्य कर्मचाऱ्यासमोर थोडी पेस्ट देऊन बघतात. मूल खात नसेल, सुस्त असेल, ताप, उलट्या, धाप किंवा सूज असेल तर घरचा उपचार नाही, भरतीच करायचं.

महाराष्ट्रात काय घडलं

१९९० च्या दशकात जव्हार-मोखाड्यातले बालमृत्यू गाजले, मेळघाटचं नाव तर दरवर्षी येतच राहिलं. २००५ मध्ये राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केलं. गावात ग्राम बाल विकास केंद्र, वर बाल उपचार केंद्र आणि मोठ्या रुग्णालयात पोषण पुनर्वसन केंद्र, अशी साखळी बसली. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाने धारावीतल्या छोटा सायन रुग्णालयात अशीच शेंगदाणा-दुधाची पेस्ट स्वतः बनवायला घेतली. धारणी तालुक्यातल्या उतावलीच्या महान ट्रस्टनेही मेळघाटात स्थानिक पातळीवर बनवलेला उपचार-आहार वापरून मुलांवर उपचार केले. म्हणजे माल परदेशातून आणायलाच हवा असं काही नाही.

वाद मात्र मिटला नाही. विरोध करणारे म्हणतात, कंपनीच्या पाकिटापेक्षा गरम ताजं अन्न, अंडी आणि डाळ द्या. पैसा पाकिटात गेला तर अंगणवाडीतलं जेवण मागं पडेल. २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं, की अशी पेस्ट वापरणं हे मान्य धोरण नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये कुपोषित मुलांच्या उपचाराची नवी कार्यपद्धती आली, त्यात अंगणवाडीतला वाढीव आहार आणि वैद्यकीय तपासणी यांवर भर आहे. आमच्या मते दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पेस्ट हे औषध आहे, सहा-आठ आठवड्यांचं. रोजच्या जेवणाची जागा ते घेऊ शकत नाही. पण लाल पट्टीतल्या पोराला पातळ वरण-भात देऊन वाट बघत बसणंही बरोबर नाही. तेव्हा पाकीट मिळेल की नाही यावर अडून बसू नका, उपचार मागा.

पेस्ट मिळाली तर

आधी अंगावरचं दूध, मग पेस्ट, त्यानंतर बाकीचं जेवण. बरोबर स्वच्छ पाणी भरपूर, कारण पेस्टने तहान लागते. सहा महिन्यांखालच्या बाळाला देऊ नका. भावंडांत वाटू नका. हे सांगणं सोपं आहे, तीन उपाशी पोरांसमोर एकालाच पाकीट देणं अवघड आहे, तरीही. वाटलं तर कुणाचंच भागत नाही.

घरचं खाणं

पिवळ्या पट्टीतल्या आणि बऱ्या झालेल्या मुलाला घरचंच चालतं. आपली चूक एकच होते, पेज फार पातळ करतो. बाळाचं पोट लहान, दोन वाट्या पाण्याने ते भरून जातं. पेज चमच्यावर टिकेल इतकी घट्ट करा, तिच्यात चमचाभर तेल किंवा तूप, शेंगदाण्याचं बारीक कूट आणि गूळ घाला. शक्य असेल तर अंडं द्या. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं. अख्खे शेंगदाणे लहान मुलाला देऊ नका, घशात अडकतात. कुबट वासाचे, बुरशी लागलेले दाणे तर कुटातही नकोत. घरचं कूट चांगलं असलं, तरी लाल पट्टीतल्या मुलाला ते पुरत नाही, कारण त्यात औषधातली जीवनसत्त्वं-खनिजं नसतात.

तुर्भ्यात गेल्यावर

ज्याला सगळे वाशीचं एपीएमसी मार्केट म्हणतात ते खरं तर तुर्भ्यातच आहे. शेंगदाणे, गूळ, डाळी सगळं तिथून मुंबईभर जातं, आणि त्याच तुर्भ्याच्या झोपडपट्टीत अशी पोरं सापडतात. जवळच्या अंगणवाडीत जाऊन नाव सांगा. बाहेरगावचं म्हणून परत पाठवता येत नाही. पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर गावची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वळवता येते, त्यासाठी आईचा आधार क्रमांक चालतो. तपासणी महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात होते. मूल गंभीर वाटलं तर १०८ ला फोन करा. पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण १४ दिवस राहावं लागतं, आई बरोबर राहते आणि तिला बुडीत मजुरी मिळते. ती किती आणि कशी मिळेल, हे भरती होतानाच विचारून घ्या.

दंड १२.५ च्या वर गेला, सूज नाही आणि सलग दोन आठवडे तसंच टिकलं, की उपचार संपतो. त्यानंतरही काही महिने दर महिन्याला वजन करायचंच. निघताना माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत घ्या आणि त्याच्या पानांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. झोपडीत पावसाचं पाणी शिरलं की पहिली भिजतात ती कागदपत्रंच.