बँकेतील ठेव आणि प्रोबेट

मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाने प्रमाणित करणे म्हणजे प्रोबेट. मात्र खातेदाराच्या निधनानंतर बँकेला ते सरसकट मागता येत नाही.

खात्यावर नॉमिनीची नोंद असेल, तर रक्कम कितीही असो, रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार प्रोबेटचा आग्रह धरता येत नाही. न्यायालयाचा मनाई हुकूम नसल्यास दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला व नॉमिनीच्या ओळखीचा पुरावा पुरेसा ठरतो.

नॉमिनी नसल्यास रक्कम महत्त्वाची. २०२५ च्या निर्देशांनुसार वाणिज्य बँकांत १५ लाख, तर सहकारी बँकांत ५ लाख रुपयांपर्यंतचे निर्विवाद दावे हमीपत्रासारख्या सोप्या कागदपत्रांवर निकाली काढावयाचे असतात. त्यापुढे बँक अधिक पुरावा मागू शकते. मृत्युपत्रावरून वारसांत वाद असेल, तर न्यायालयाची पायरी चढावीच लागते.

मुंबईत हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेट सक्तीचे करणारे भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम २१३ डिसेंबर २०२५ मध्ये वगळण्यात आले. वाद मिटविण्यासाठी मात्र प्रोबेटचे महत्त्व कायम आहे.

नॉमिनी हा पैशांचा मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बँक ठेवींबाबत स्पष्ट केले आहे. नॉमिनीला पैसे देऊन बँक मोकळी होते. वारसांचा हक्क मात्र अबाधित राहतो.