चिंच, पराहू आणि 'बलंदा'

आज जाऊया ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, आर्नहेम लँडच्या किनाऱ्यावर. खारफुटी, खाडीत मगरी... आणि मधेच चक्क चिंचेची झाडं!

ही चिंच आणली मकासारच्या खलाशांनी. आजच्या इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरून त्यांच्या 'पराहू', म्हणजे शिडाच्या होड्या, डिसेंबरच्या सुमारास वायव्येच्या वाऱ्यावर निघायच्या आणि आग्नेयेचा वारा सुटला की परतायच्या. वारा हेच टाइमटेबल. माल कुठला? समुद्रकाकडी! उकडून, वाळवून ती चीनच्या बाजारात जायची.

फेब्रुवारी १८०३ मध्ये इंग्रज कप्तान मॅथ्यू फ्लिंडर्सला इथे सहा पराहू भेटल्या. त्यांचा म्होरक्या होता पोबासू. म्हणजे इंग्रज नकाशा काढत होते, तेव्हा इथे व्यापार आधीच चालू होता.

इथल्या योल्ङू लोकांनी या पाहुण्यांकडून लोखंड, कापड, होडीची विद्या आणि शब्दही घेतले. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला भाषा म्हणजे जुन्या लॉग फाइलसारखी वाटते. गोऱ्या माणसाला योल्ङू 'बलंदा' म्हणतात, मूळ शब्द 'हॉलंडर'. आणि आपल्या बखरीतला 'वलंदेज'? तोही हॉलंडवरूनच आलाय!

मग साऊथ ऑस्ट्रेलियाच्या सरकारने आधी जकात लावली आणि १९०६ मध्ये परवानेच बंद केले. १९०७ मध्ये शेवटची पराहू परतली. एका सरकारी निर्णयाने पिढ्यांची सोयरीक तुटली.

म्हणून 'ऑस्ट्रेलियाचा शोध कुणी लावला?' असं कुणी विचारलं, तर आधी विचारा: कुणाच्या दृष्टीने?

भेटू पुढच्या भागात!