टेम्प्लेटमधील अटींची पुनरुक्ती

टेम्प्लेटमधील अटींची पुनरुक्ती : वेबपानांच्या टेम्प्लेटमध्ये एकच अट जागोजागी लिहिली जाण्याचा दोष. टेम्प्लेट म्हणजे एचटीएमएलचा साचा. त्यात माहिती भरून पान तयार होते आणि कोणता भाग दाखवायचा हे ‘इफ’ या अटीने ठरते.

स्वरूप : ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ‘सभासदाने लॉगिन केले आहे, वर्गणी भरली आहे व पुस्तक शिल्लक आहे’ ही तिहेरी अट यादी, तपशील आणि शोध या तिन्ही पानांत लिहिली आहे असे समजू. नियम बदलला आणि एक जागा सुटली, तरी पान बंद पडत नाही. वर्गणी थकलेल्या सभासदाला ‘पुस्तक राखून ठेवा’ हे बटण दिसत राहते, एवढेच. म्हणूनच ही चूक उशिरा सापडते.

उपाय : (१) अटीला नाव देणे. नियम ‘राखून ठेवता येईल का’ अशा एकाच फंक्शनमध्ये लिहावा. साच्याने फक्त त्याचे उत्तर वाचावे. सर्व्हरनेही विनंती स्वीकारताना हेच फंक्शन वापरावे, कारण बटण लपवले म्हणजे परवानगी नाकारली असे होत नाही. (२) साच्यांचा वारसा. २००५ मध्ये खुल्या झालेल्या जँगो फ्रेमवर्कमध्ये मूळ साच्यात शीर्षपट्टी तिच्यातील अटींसह एकदाच लिहितात. इतर पाने ‘एक्स्टेंड्स’ने ती घेतात आणि ‘ब्लॉक’पुरता बदल करतात. (३) रिकाम्या जागी पर्यायी वस्तू ठेवणे. जँगोत लॉगिन न केलेल्या वाचकासाठीही ‘अनॉनिमस यूझर’ ही वस्तू असते. त्यामुळे ‘वाचक आहे का’ हे आधी तपासावे लागत नाही. (४) अनेकवचन भाषांतर-यंत्रणेकडे सोपवणे. ‘१ पुस्तक’, ‘२ पुस्तके’ यांसाठी मराठीला दोन रूपे पुरतात. अरबीला सहा लागतात. प्रत्येक साच्यात ही रूपे हाताने सांभाळणे अशक्यप्राय आहे.

विचाराचा विकास : एक माहिती एकाच जागी असावी, हे तत्त्व अँड्र्यू हंट व डेव्हिड थॉमस यांनी ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ (१९९९) या ग्रंथात मांडले. टेरेन्स पार यांनी २००४ मध्ये साचा आणि तर्क यांच्या काटेकोर विभक्तीचा पुरस्कार केला. ख्रिस वॉनस्ट्रॅथ यांच्या मस्टॅश या टेम्प्लेट-भाषेत (२००९) तर ‘इफ’ व ‘एल्स’ हे शब्दच नाहीत.

मर्यादा : यादी रिकामी असताना ‘पुस्तके नाहीत’ असे दाखवण्यासारखी केवळ मांडणीची अट साच्यातच शोभते. तसेच आज सारख्या दिसणाऱ्या दोन अटी दोन वेगळ्या नियमांतून आल्या असतील, तर त्या एकत्र करू नयेत. एक नियम बदलताच दुसराही नकळत बदलेल.