साडेबारा टक्क्यांचीं साधनें

नव्या मुंबईच्या इतिहासाचा आरंभ बहुधा ता. १७ मार्च १९७० पासून, म्हणजे सिडकोच्या स्थापनेपासून, धरितात. ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गांवांस मात्र तो भूसंपादनाच्या नोटिशींतून कळला. पनवेलचे आमदार व पुढें कुलाब्याचे खासदार दि. बा. पाटील यांनीं याच प्रश्नास अग्रस्थान दिलें. जानेवारी १९८४ मध्यें जासईच्या परिसरांत आंदोलकांवर गोळीबार होऊन पांच शेतकरी बळी पडले; पुढें साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व सरकारास मान्य करावें लागलें. सरकारी निर्णयांत टक्केवारी तेवढी उरते. तिची किंमत घरोघरच्या नोटिसा, सातबाराचे उतारे व सभांचीं पत्रकें यांवरूनच कळेल. वाळवी लागण्यापूर्वीं संग्राहकांनीं हीं अस्सल साधनें मिळवावीं, अशी आमची विनंति आहे.