सरचूचा मुक्काम

"दादा, आठ दिवसांत बसव ना. अकरा दिवसांची सुट्टी कोण देतं?"

ग्रुपवरचा हा मेसेज दरवर्षी येतो, फक्त नाव बदलतं. मी जून ते सप्टेंबर दहा-बारा जणांना बुलेटवरून लडाखला नेतो. पुण्यात बसून एक्सेल शीट भरणं हा त्यातला मोठा भाग. कुठे झोपायचं, पुढे कोण, शेवटी कोण, पेट्रोलचे कॅन किती, क्लच केबल किती. ती शीट भरताना एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. यातला एकही रकाना मी शोधलेला नाही. कुणीतरी आधीच, बऱ्याचदा जीव गमावून, तो भरून ठेवलाय.

आठ दिवसांचा प्लॅन म्हणजे मनालीहून वर चढायचं आणि दुसऱ्या रात्री सरचूला तंबूत झोपायचं. मनाली 2,050 मीटरवर, सरचू साधारण 4,290 वर. 2017 मध्ये मी पहिल्यांदा मित्रांना घेऊन निघालो तेव्हा हाच प्लॅन होता. नकाशावर सुरेख दिसतो, बरोबर मध्यावर मुक्काम. आमच्यातला सगळ्यात तगडा, रोज व्यायाम करणारा मित्र संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणून जेवला नाही. रात्री दोनला तो बसून श्वास घेत होता, कारण आडवं झालं की दम लागत होता.

अशा वेळी एकच नियम, खाली उतरायचं. तंबूबाहेर थंडीत उभा असताना मला पहिल्यांदा कळलं की सरचूहून खाली जायला आधी वर जावं लागतं. मनालीकडे परतायचं तर मध्ये बारालाचा ला, 4,890 मीटर. लेहकडे जायचं तर आणखी उंच लाचुलुंग ला. सरचू म्हणजे उंचावर ठेवलेली परात आहे, दोन्ही बाजूंना कड. लष्कराच्या छावणीत ऑक्सिजन मिळाला, पहाटे गाडीत घालून त्याला बारालाचा ओलांडून खाली आणलं, केलाँगला पोचेपर्यंत तो जोक मारायला लागला. मी पुढचे दोन दिवस कुणाशी नीट बोललो नाही.

घरी आल्यावर वाचायला लागलो. आधी गाइड म्हणून, मग नुसतीच सवय लागली.

उंच डोंगरांत माणूस आजारी पडतो हे चिनी दरबारातल्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. पश्चिमेकडच्या वाटेवर मोठी डोकेदुखी आणि छोटी डोकेदुखी नावाचे डोंगर आहेत, असं हान काळातल्या नोंदींत येतं. पण अंगाला सराव व्हायला दिवस लागतात, हे आपल्या सैन्याला फार महाग किमतीला शिकावं लागलं. 1962 च्या युद्धाच्या आसपास मैदानी भागातले जवान घाईने, कित्येकदा विमानाने, थेट उंचीवर पोचवले गेले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी उंचीचा आजार झालेल्या 1,925 सैनिकांच्या नोंदी अभ्यासल्या आणि 1969 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापल्या. 18 ते 53 वयोगटातले जवान, 3,350 ते 5,500 मीटरची उंची. त्यातलं मला सगळ्यात उपयोगी पडलेलं निरीक्षण असं, की त्रास वर पोचल्यावर साधारण 6 ते 96 तासांनी दिसतो. म्हणजे दुपारी सरचूला हसत फोटो काढणारा माणूस बरा आहे याचा काहीच पुरावा नसतो. आणि हे सगळे फौजी होते. तेव्हापासून "मी फिट आहे" या वाक्याचा माझ्यावर काही परिणाम होत नाही.

अटल बोगदा 2020 मध्ये सुरू झाला, 9.02 किलोमीटर. रोहतांगचा 3,978 मीटरचा घाट आता टळतो, वेळ वाचतो. त्या वाचलेल्या वेळात लोक पहिल्याच दिवशी सरचू गाठायला बघतात. बोगद्याचा दोष नाही.

म्हणून माझा मार्ग श्रीनगरहून सुरू होतो. श्रीनगर, सोनमर्ग, मग झोजी ला ओलांडून कारगिल. खिंड 3,528 मीटरची, पण कारगिल पुन्हा खाली 2,676 ला. मग फोतू ला, 4,108 मीटर, लामायुरूला मुक्काम, पाचव्या दिवशी लेह. चढायचं, उतरून झोपायचं. हा शहाणपणा माझा नाही, तांड्यांच्या वाटेचा आहे. काश्मीर, लेह, आणि तिथून काराकोरम खिंडीतून यारकंद, असा व्यापार शतकानुशतकं चालला. पश्मिना, चरस, रेशीम, चहा. काराकोरम खिंड 5,540 मीटरवर, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना मेलेल्या टट्टूंची हाडं इतकी, की वाट चुकायची भीती नसे, असं तिथून गेलेले बहुतेक प्रवासी लिहितात. आमच्या बॅकअप गाडीच्या रकान्यापुढे मी कधी कंजुषी करत नाही त्याचं कारण ही हाडं.

झोजी लाचं एक पान मात्र मी ग्रुपला प्रत्यक्ष तिथे थांबवून सांगतो, कितीही चिखल असला तरी. फेब्रुवारी 1948 मध्ये, ऐन हिवाळ्यात, लाहौलचे पृथी चंद काही मूठभर माणसं आणि शस्त्रं घेऊन पायी ही खिंड ओलांडून निघाले आणि 8 मार्चला लेहला पोचले. लेहच्या बचावाची तयारी तिथून सुरू झाली. सोनम नोरबू या लडाखी इंजिनियरने लोकांना हाताशी धरून सिंधूकाठच्या वाळूत धावपट्टी तयार केली आणि 24 मे रोजी मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना बसवून तिथे डकोटा उतरवलं. झोजी ला मात्र शत्रूच्या हातात गेली. पायदळाचे हल्ले फसले. मग मद्रास सॅपर्सनी बालतालहून वर जाणारी खेचरवाट रुंद केली, सुटे भाग करून आणलेले स्टुअर्ट रणगाडे जोडले गेले, आणि 1 नोव्हेंबरला 7 कॅव्हलरीचे रणगाडे बर्फातून खिंडीत शिरले. इतक्या उंचीवर रणगाडा येईल हे समोरच्यांच्या डोक्यातही नव्हतं. आपण ज्या वळणावर पहिला गिअर टाकून घाबरतो, त्या रस्त्याचा पहिला मसुदा असा लिहिला गेला.

पुढची कारणंही लष्करीच. चीनने अक्साई चीनमधून रस्ता पूर्ण केल्याचं 1957 मध्ये जाहीर केलं आणि दिल्ली खडबडून जागी झाली. 1960 मध्ये सीमा सडक संघटना उभी राहिली. खारदुंग लाचा रस्ता 1976 मध्ये बांधून झाला आणि 1988 मध्ये सामान्यांच्या गाड्यांना खुला झाला. लडाखच 1974 पर्यंत पर्यटकांना बंद होतं, मनाली-लेह रस्ता तर 1989 मध्ये मोकळा झाला. म्हणजे ज्याला आपण बायकर्सचं पिढीजात स्वप्न म्हणतो ते माझ्याच वयाचं आहे.

(जाता जाता: खारदुंग लाची ती प्रसिद्ध जुनी पाटी 18,380 फूट सांगायची, मोजणी साधारण 17,582 सांगते. मी हे घाटात शिरण्याआधी सांगत असे. आता फोटो काढून झाल्यावर सांगतो.)

रस्ता राखणारी माणसं लडाखची कमी, झारखंडची जास्त. दुमका वगैरे भागातून उन्हाळ्यात येतात, डांबराच्या पिंपाशेजारी तोंडाला फडकं बांधून उभी असतात. माझ्या शीटमध्ये आता "दगड फुटतोय तिथे हॉर्न नाही, वेग वीस" अशी ओळ आहे. कुणी विचारलं नाही तरी वाचून दाखवतो.

सगळ्यात जास्त भांडण होतं ते गाडीवरून. बाहेरून भाड्याने आणलेली बाईक लेहच्या पुढे नुब्रा किंवा पँगाँगला चालत नाही, तिथली घ्यावी लागते. "हा काय माज आहे?" हा प्रश्न ठरलेला. मीही पूर्वी चिडायचो. मग जुनी पडावांची पद्धत वाचली. ठरावीक टप्प्यावर ओझं उतरवायचं, पुढच्या गावचं जनावर, पुढच्या गावची माणसं. संस्थानी काळात ही पाळी सक्तीची होती, तिला रेस म्हणत. शर्यतीशी संबंध नाही, होती ती वेठ. स्वतःच्या शेतीचं काम टाकून साहेबाचं सामान वाहावं लागे, तेही ठरवून दिलेल्या दराने. ज्यांच्या आजोबांना पाळीचं टट्टू द्यावंच लागत होतं, ते आज म्हणतात की आमच्या वाटेवर आमची गाडी, आमच्या भावाने. मला यात माज दिसत नाही. लेहला बाईक बदलायचे दोन तास मी आता शीटमध्येच धरतो.

गुलाम रसूल गलवान यांचं नाव 2020 च्या जूनमध्ये सगळ्या चॅनेलवर आलं, दरीचं नाव म्हणून. माणूस फारसा कुणी सांगितला नाही. लेहच्या गरीब घरातला मुलगा, किशोरवयापासून साहेबांच्या मोहिमांत सामान वाहणारा, मग टट्टूवाला, मग अख्ख्या तांड्याचा प्रमुख. यंगहजबंड, लॉर्ड डन्मोर, लिटलडेल अशांबरोबर पामीर, तिबेट, तुर्कस्तान पालथं घातलं. डन्मोरचा तांडा दरीत अडकला असताना पोरसवदा गलवानने वाट शोधून काढली आणि म्हणून नाव पडलं, असं सांगतात. पुढे बॅरेट या अमेरिकन प्रवाशाच्या आग्रहाने त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत आत्मकथा लिहिली. 'सर्व्हंट ऑफ साहिब्ज' 1923 मध्ये केंब्रिजहून निघालं, 1925 मध्ये ते वारले. साहेबांच्या पुस्तकांत शिखरं आणि उंच्या असतात. यांच्या पुस्तकात कोण रुसलं, कुणाचा पाय सुजला, कुठल्या टट्टूला चारा मिळाला नाही, हे असतं. मला ते वाचताना सारखं वाटत होतं की हा माझ्याच धंद्यातला माणूस आहे.

यंदा बारा जण आहेत. सर्वांत पुढे द्रासचा मुलगा, शेवटी मी आणि मेकॅनिक. दोघांनी अकरा दिवस ऐकून नाव काढून घेतलं, त्यांचे पैसे परत केले. आठ दिवसांत नेणारे इतर बरेच आहेत, त्यांना तिकडे जाता येईल, हे माहीत असूनही फोन ठेवल्यावर बराच वेळ बरं वाटलं नाही. तांडी ओलांडली की पुढचा पंप 365 किलोमीटरवर, ही पाटी कित्येक वर्षं तिथे उभी होती. आम्ही उलट्या दिशेने येणार, तरी कॅन लेहलाच भरणार.

शीटमध्ये सरचू आहेच. दहाव्या दिवशी, परतीच्या वाटेवर, आठवडाभर उंचीवर राहिलेल्या अंगांनी. तंबू बारा जणांचे, ऑक्सिजनचे दोन सिलिंडर माझ्या तंबूत. 2017 चा तो मित्रही येतोय. त्याने एकच विचारलं, दोन वाजता उठवशील का, तेव्हा आकाश बघायचं राहिलं होतं.