टिळकांचे दोन जामीन अर्ज
आता हे पाहा. १८९७ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळकांना अटक झाली. जामिनासाठी हायकोर्टात बॅरिस्टर दिनशा दावर उभे राहिले, न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो दिला. १९०८ साली पुन्हा राजद्रोहाचाच आरोप. या वेळी जामीन मागायला बॅरिस्टर जिना. आणि न्यायासनावर कोण? तेच दावर! त्यांनी अर्ज फेटाळला.

जामीन असा न्यायाधीशाच्या विवेकावर टांगलेला असतो. अजामीनपात्र गुन्ह्यांत आजही. म्हणूनच राज्यघटनेच्या २२व्या कलमाचं मोल आपण ओळखायला हवं. प्रतिबंधक स्थानबद्धता सोडली, तर अटकेचं कारण कळणं, पसंतीचा वकील मिळणं आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर केलं जाणं, हे आपले हक्क आहेत. ते कुणाच्या मर्जीवर सोडलेले नाहीत.