पर्समधलं पिस्तूल: किती आधार, किती ओझं?

आज जरा वेगळा विषय घेऊ. बाईनं स्वतःच्या रक्षणासाठी रोज जवळ पिस्तूल बाळगावं का? हसू नका. हा प्रश्न एका सरकारी कारखान्यानंच आपल्यासमोर ठेवला होता.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत धावत्या बसमध्ये एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला आणि त्यात तिचा जीव गेला. देशानं तिला 'निर्भया' म्हटलं. त्यानंतर वर्षभरानं, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्यानं खास बायकांसाठी म्हणून एक छोटं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. नाव ठेवलं 'निर्भीक'. वजन साधारण अर्धा किलो, म्हणजे पर्समध्ये सहज मावेल असं. ते द्यायचे दागिन्यांसारख्या गडद लाल डबीत. किंमत मात्र १ लाख २२ हजारांच्या वर. त्या काळी देशातल्या सरासरी माणसाची वर्षभराची कमाईसुद्धा एवढी नव्हती. मग ही डबी नेमकी कुणासाठी होती, हा पहिला प्रश्न.

हत्यार कुणाच्या हातात असावं, हा वाद मात्र फार जुना आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांना आपल्या लोकांच्या हातातल्या हत्यारांची धास्ती बसली. १८७८ मध्ये त्यांनी शस्त्र कायदा केला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना, गोऱ्यांना मात्र त्यातून सूट. हा उघड अपमान होता. म्हणून काँग्रेस आपल्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध बोलत राहिली. १९३१ च्या कराची अधिवेशनातल्या ठरावात तर नियमांच्या चौकटीत राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला असावा, असं लिहिलं गेलं.

मग स्वातंत्र्य आलं. राज्यघटना तयार होत असताना, १९४८ मध्ये, हरि विष्णु कामत यांनी हाच हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. परकं सरकार हत्यार नाकारत होतं तेव्हाची गोष्ट वेगळी, आता परिस्थिती बदलली आहे, आणि असा सरसकट हक्क दिला तर तो गुन्हेगारांनाही मिळेल, असं त्यांचं म्हणणं होतं. दुरुस्ती फेटाळली गेली. पुढे १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा आला. तोच आजही, वेळोवेळी बदल होऊन, चालू आहे. त्यामुळे आपल्या देशात बंदूक हा हक्क नाही, ती परवानगी आहे.

ही परवानगी मिळवायची तर वय २१ पूर्ण हवं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, मोठ्या शहरात पोलीस आयुक्तांकडे. पोलीस चौकशी करतात. हत्यार नीट हाताळता येतं याचं प्रशिक्षण लागतं. परवाना ठरावीक मुदतीचा, मग पुन्हा नूतनीकरण. निवडणूक आली की बहुतेकांना हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. ते हरवलं किंवा चोरीला गेलं, तर जबाब आपल्यालाच द्यावा लागतो. एवढ्या खटपटीपेक्षा कुणाकडून तरी गावठी कट्टा घ्यावा, असं कुणाच्या मनात आलं तर तो विचार तिथंच सोडा. विनापरवाना हत्यार जवळ सापडलं तर दोन ते पाच वर्षांची कैद आहे. शिवाय असला कट्टा धरणाऱ्याच्याच हातात फुटायची भीती असते.

आता तागडी हातात घेऊ. दोन्ही पारडी प्रामाणिकपणे भरू.

एका पारड्यात फायदे. अंगानं किरकोळ बाईसुद्धा पिस्तुलामुळे धिप्पाड माणसासमोर उभी राहू शकते. कुऱ्हाड किंवा काठी चालवायला जोर लागतो, चाप ओढायला तेवढा लागत नाही. आपल्यातल्या कित्येकींच्या वस्तीपासून पोलीस ठाणं कोसभर लांब असतं. शेतावर एकटं राहणाऱ्या बाईला, रात्रपाळी करून परतणाऱ्या नर्सला, कुणी सतत मागावर असलेल्या मुलीला अशा वेळी हत्याराचा आधार वाटावा, यात नवल नाही. तिच्या भीतीला कुणी हसू नये.

दुसऱ्या पारड्यात मात्र बरंच काही पडतं. हल्ला सांगून होत नाही. पिशवीच्या तळाशी डबा, चाव्या, रुमाल यांच्याखाली असलेलं पिस्तूल बाहेर काढेपर्यंत समोरचा अंगावर आलेला असतो. झटापटीत ते त्याच्याच हातात गेलं तर? थरथरत्या हातानं नेम धरायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो, आणि सरावाला काडतुसं, पैसा, वेळ लागतो. गर्दीत सुटलेली गोळी ज्याला लागायची त्यालाच लागेल, असं नाही. आणि दिवसभर बाहेर नेलेली ही वस्तू संध्याकाळी घरात येते. घरात मुलं असतात. फळीवर ठेवली काय नि धान्याच्या कोठीत लपवली काय, मुलांचे हात सगळीकडे पोचतात.

पण सगळ्यात जड वजन पुढेच आहे. आपण घाबरतो ती अनोळखी माणसाला, अंधाऱ्या रस्त्याला. पोलिसांकडे नोंदलेले बलात्काराचे गुन्हे पाहिले, तर शंभरातल्या नव्वदहून अधिक प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीचा निघतो. नातेवाईक, शेजारी, मालक, लग्नाचं वचन देणारा. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल तर बोलायलाच नको. पर्समधलं पिस्तूल रस्त्यावरच्या परक्यासाठी घेतलेलं असतं. घरातल्या माणसाला मात्र ते कुठं ठेवलंय हे ठाऊक असतं.

अमेरिकेत बंदुका घरोघरी आहेत. तिथं एका मोठ्या कंपनीनं १९८९ मध्येच बायकांसाठी वेगळी पिस्तुलं काढली होती. त्याच देशात १९९३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या घरात बंदूक होती, तिथं घरात खून होण्याचा धोका जवळजवळ पावणेतीन पट दिसला. आणि मारणारा बहुतेक वेळा घरचा किंवा ओळखीचाच होता. एका अभ्यासावर सगळं ठरत नाही, पण घरात हत्यार आणण्याआधी ही गोष्ट माहीत असावी.

आपल्याच देशात मणिपूरच्या बायकांनी बंदूक फार जवळून पाहिली आहे. तिथल्या संघर्षात कित्येकींचे नवरे, मुलगे गोळीला बळी पडले. २००४ मध्ये बिनालक्ष्मी नेप्राम आणि काही जणींनी वर्गणी काढून अशाच एका विधवेला शिलाई मशीन घेऊन दिलं. त्यातून बंदुकीच्या बळींच्या घरच्या बायकांचं संघटन उभं राहिलं. 'निर्भीक' बाजारात आलं, तेव्हा बायकांना पिस्तूल देणं हे उत्तर नाही, असं नेप्राम यांनी ठामपणे सांगितलं.

मग आपल्या हातात काय उरतं? एक मोठा हक्क, आणि त्याला कुठलाही परवाना लागत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यानं प्रत्येकीला दिला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. बलात्कार, अपहरण, अॅसिडहल्ला किंवा जिवावरचा हल्ला होत असेल, तर प्रतिकार करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा बाईच्या बाजूनं उभा राहतो. अट एवढीच, की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही आणि संकट टळल्यावर सूड उगवायचा नाही. विळा, मुसळ, मिरचीपूड, हाताला लागेल ते चालेल. 'बाईनं कसा काय हात उचलला?' असं कुणी विचारलं, तर हे कलम सांगा.

फोनमध्ये ११२ आणि महिला हेल्पलाइनचा १८१ हे आकडे पाठ असू द्या. घरातल्या मारहाणीसाठी २००५ चा कायदा आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे गटातून चौघी मिळून गेलात, तर एकटीपेक्षा वेगळी दखल घेतली जाते.

ज्या बहिणीला खरंच परवान्याची गरज वाटते, तिनं रीतसर अर्ज करावा. तिला आम्ही नावं ठेवणार नाही. पण तागडीत सगळं टाकून पाहिल्यावर आम्हाला जे दिसतं ते असं: पिस्तूल एकीच्या पर्समध्ये राहतं आणि तिथूनही ते चोरीला जाऊ शकतं. आपला हक्क आणि आपल्या चौघी मात्र कुणी काढून घेऊ शकत नाही. पुढच्या बैठकीत ती कलमं मोठ्यानं वाचा, आणि ज्या घरातून रात्री ओरडणं ऐकू येतं, त्या घराचं दार वाजवायला कोण कोण जाणार, हेही त्याच बैठकीत ठरवा.